शिवता येतं, मग फॅशन डिझाइनचा डिप्लोमा कशाला?

नागपूरच्या नंदनवनला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. वय ३४, शिक्षण बारावी, नऊ वर्षांपासून घरी ब्लाऊज आणि पंजाबी ड्रेस शिवतात. जवळच्या एका महाविद्यालयात कम्युनिटी कॉलेज योजनेतला (कॉलेजातूनच हातचं कौशल्य शिकवणारी सरकारी योजना) फॅशन डिझाइनचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, तो करावा का? मिस्टर म्हणतात, "तुले शिवता तर येतेच, मंग पैसे काहून घालवून राहिली?" चित्रकला येत नाही, इंग्रजीची धास्ती आहे, आणि वर्गात सगळ्या अठरा-एकोणीसच्या पोरी असतील म्हणून संकोच वाटतो.

ताई, तुमच्या मिस्टरांचा प्रश्न रास्त आहे, तेव्हा आधी त्यांनाच उत्तर देते. मी स्वतः शिवणक्लासमधून आले. सव्वीस वर्षं जॉब वर्क केलं, महाल भागात माझं छोटं शिलाई युनिट आहे, आणि मधल्या काळात अशाच एका अभ्यासक्रमाला पॅटर्नचे तासही घेतले. शिवायला शिकण्यासाठी हा डिप्लोमा करू नका. शिवण्यात तुम्ही तिथल्या बहुतेक मुलींच्या पुढेच असाल. तुम्हाला तिथून आणायचं आहे ते बेतणं. कागदावरचं बेतणं.

तुमच्या मशीनमागे भिंतीला एक खिळा असेल आणि त्याला ३२, ३४, ३६, ३८ असे पुठ्ठे टांगलेले असतील. कोणा मास्टरकडून किंवा क्लासमधून आलेले. गिऱ्हाईक आलं की माप घ्यायचं, जवळचा पुठ्ठा काढायचा, पाव इंच इकडे, अर्धा इंच तिकडे, आत दोन इंच माया सोडायची आणि "घालून बघा, मग सांगा" म्हणायचं. शंभरातल्या ऐंशी बायांना हे चालतं. उरलेल्या वीस जणींचं काय? एक खांदा उतरता असलेली, पोक आलेली, छाती ४४ आणि खांदा मात्र १४, बाळंतपणानंतर अंगाची ठेवणच बदललेली. त्यांचं ब्लाऊज दोनदा उसवावं लागतं आणि मजुरी एकदाच मिळते. नफा तिथे जातो.

आता एक प्रयोग करा, आजच. स्वयंपाकघरातली एक वाटी पालथी घाला आणि तिच्यावर वहीचा कागद दाबून बसवा. कडेला चुण्या पडतील. कागद सपाट आणि वाटी गोल, म्हणून जादाचा कागद कुठेतरी जायलाच हवा. त्या सगळ्या चुण्या एका ठिकाणी गोळा करून एकच घडी घाला. ती झाली डार्ट. आता तीच घडी उकलून कडेच्या दुसऱ्या बाजूला घाला. वाटीचा आकार तसाच राहिला, घडी फक्त जागा बदलून बसली. म्हणजे कंबरेची डार्ट खांद्याला नेता येते, मुंढ्यात नेता येते, काखेखाली बाजूच्या शिवणीत नेता येते. तिचं टोक छातीच्या उंच बिंदूकडेच राहायला हवं, एवढीच अट. खांद्याची आणि कंबरेची डार्ट एका रेषेत जोडून तिथून कापड कापलं की प्रिन्सेस कट झाला. आणि तुमचा कटोरी ब्लाऊज? त्यातली बहुतेक डार्ट कटोरीच्या गोल जोडात जिरलेली असते, उरलेली कटोरीखाली दिसते. नाव उगाच कटोरी नाही ठेवलं कोणी. नऊ वर्षं तुम्ही ही डार्ट शिवत आलात, फक्त ती कुठे गेली हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. मलाही सतरा वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

चांगल्या वर्गात हे पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतं. आधी अंगाबरोबर बसणारा साधा ब्लॉक, म्हणजे मूळ पॅटर्न, ब्राउन पेपरवर काढायचा, तो मांजरपाटावर कापून डमीवर किंवा एकमेकींच्या अंगावर चढवायचा, टाचण्या लावून दुरुस्त करायचा आणि दुरुस्ती परत कागदावर उतरवायची. मग त्याच एका ब्लॉकवरून बोट नेक, योक, अंगरखा, अनारकली, जे म्हणाल ते निघतं. परत कागदावर उतरवायची ही सवय आपल्या टेलरांना नसते. आपण कापडावर दुरुस्ती करतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि अक्कल त्याच्याबरोबर जाते. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी गोष्ट ग्रेडिंग, म्हणजे एका मापाच्या पुठ्ठ्यावरून लहान-मोठी मापं काढणं. यावर माझे स्वतःचे पैसे गेले आहेत, म्हणून जरा जास्त सांगते. २००४ च्या आसपास एका शाळेतल्या शिक्षिकांच्या ४० ब्लाऊजची ऑर्डर आली, सगळे एका रंगाचे. माझ्याकडे ३४ चा उत्तम बसणारा पुठ्ठा होता. ३८ करायचा म्हणजे छातीत चार इंच वाढ, चार भागांत एकेक इंच, हे गणित बरोबरच होतं. पण मी तो एक इंच सगळीकडे वाढवला. खांद्यात एक इंच, गळ्यात एक इंच, मुंढ्यातही. माणूस असा वाढत नाही हो! छाती चार इंच वाढते तेव्हा खांदा जेमतेम पाव इंच वाढतो, गळा त्याहून कमी. सगळ्या ३८ वाल्यांच्या बाह्या दंडावर उतरल्या आणि गळे उघडे पडले. अकरा ब्लाऊज परत आले. कापड त्यांचं होतं, त्यामुळे भरून मी दिलं. कुठल्या मापाला किती वाढ द्यायची याचा तक्ता असतो, तो वर्गात दुसऱ्या सत्रात शिकवतात. मी तो तीन वर्षांनी, एका कारखान्यातल्या मास्टरजींच्या हातापाया पडून शिकले.

तिसरी गोष्ट कॉस्टिंग, म्हणजे खर्चाचा हिशेब, आणि ही मिस्टरांना नक्की सांगा. समजा २० कुर्त्यांची ऑर्डर आहे, कापड १२० रुपये मीटर. एकेक कुर्ता सुटा कापला तर सव्वादोन मीटर जातं, म्हणजे २७० रुपये. तेच वीसही कुर्त्यांचे भाग एकत्र मांडून, बाह्या घेराच्या खाचेत बसवून मार्कर (कापडावरच्या मांडणीचा आराखडा) लावला तर सरासरी सव्वादोनवरून २.०५ मीटरवर येऊ शकते, म्हणजे २४६ रुपये. एका कुर्त्यामागे २४, वीस कुर्त्यांमागे ४८० रुपये, आणि त्यासाठी एक टाकाही जास्त घालावा लागला नाही. फक्त भाग फिरवताना उभा धागा सोडायचा नाही. जागा वाचवायच्या नादात एखादा भाग उरेब, म्हणजे तिरपा, गेला की धुतल्यावर तो कुर्ता एका बाजूने लोंबतो.

कापडाबद्दलही तुम्हाला वाटतं तेवढं आपल्याला माहीत नसतं. सुती कापड पाण्यातून काढल्याशिवाय कापायचं नाही, हे तुम्ही जाणता. पण पाच टक्के आटलं तर ४२ इंची कुर्ता दोन इंचांनी आखूड होतो, हे आकड्यात सांगता आलं तर गिऱ्हाइकाला थांबवता येतं. धागा जाळून बघायचा: सुती कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो, रेशमाला आणि टसरला जळक्या केसांचा वास येतो. आपल्या भागात ही परीक्षा फार कामाची आहे, कारण करवत काठी म्हणून काहीही विकतात. खरी करवत काठी टसरची. भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगावकडे हातमागावर विणतात. काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी असते आणि ती विणायला तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. कॉलेजातून शैक्षणिक भेट ठरवताना मॉलच्या शोरूमचा बेत असेल तर तुम्ही पोरींना फितवा आणि आंधळगावला चला म्हणा. दिवसभरात जे समजेल ते चार महिन्यांच्या नोट्समध्ये नाही. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली ती मिल. आता त्या जागी मॉल आहे. आजोबा कुठलंही कापड हातात घेतलं की बोटांनी ताणा-बाणा चाचपून बोलायचे. मी शिवण शिकले, पण कापडाला असं विचारायला शिकले नाही, याची हळहळ आहे.

आता तुमच्या तीन भीती. चित्रकला: फॅशनच्या चित्रातली बाई डोक्याच्या नऊ-दहा पट उंच काढतात. खरं माणूस साडेसात पट असतं. ती लांबलचक बाई सुंदर दिसते, तिला पाच-दहा मार्क असतात, आणि सरावाने पास होण्याइतकी सगळ्यांनाच येते. तुम्हाला पोटाला लागणारं चित्र वेगळं: कपडा सपाट ठेवल्यासारखा, पुढून आणि मागून, शिवण कुठे, डार्ट कुठे, चेन डाव्या बाजूला की मागे, लांबी किती. ते पट्टीने आणि फ्रेंच कर्व्हने काढतात, त्याला कला लागत नाही. तुम्ही गिऱ्हाइकासमोर बिलाच्या पाठीमागे जो गळा काढून दाखवता, तेच नीट मापात काढायचं आहे.

इंग्रजी: योक, डार्ट, पायपिंग, लायनिंग, ओव्हरलॉक हे शब्द तुम्ही रोज बोलता. लेखी पेपरच्या भाषेची सोय कशी आहे ते प्रवेश घेण्याआधी कार्यालयात विचारून घ्या. अठराच्या पोरींचं म्हणाल, तर पहिल्या आठवड्यात त्या तुम्हाला काकू म्हणतील आणि तुम्हाला राग येईल. दुसऱ्या आठवड्यात बाही मुंढ्यात बसत नाही म्हणून तुमच्याच टेबलाशी येतील. त्यांच्याकडून तुम्ही कॉम्प्युटर शिका. कोरल ड्रॉ या चित्रांच्या सॉफ्टवेअरवर लेबल, सपाट चित्रं आणि साधे पॅटर्न करता आले तरी आपल्या धंद्याला पुष्कळ आहे. माझ्या वर्गात एक ४१ वर्षांच्या बाई होत्या, दोन पोट्ट्यांची माय. शेवटी हजेरी त्यांचीच सगळ्यात जास्त निघाली.

योजना काय आहे तेही समजून घ्या, म्हणजे कोणी भलतंच सांगणार नाही. भारतात कम्युनिटी कॉलेजची कल्पना १९९५-९६ मध्ये पाँडिचेरी आणि चेन्नईकडे रुजली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ पासून ती नेहमीच्या महाविद्यालयांत आणली. आयोगाच्या आराखड्यात सहा महिन्यांचं प्रमाणपत्र ३० क्रेडिटचं, एक वर्षाचा डिप्लोमा ६० चा आणि दोन वर्षांचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा १२० चा. त्यातला ६० टक्के भाग कौशल्याचा आणि ४० टक्के सामान्य शिक्षणाचा, म्हणजे संवाद, हिशेब, कॉम्प्युटर वगैरे. एक क्रेडिट साधारण १५ तासांचं धरलं तर डिप्लोमात कौशल्याचे ३६ क्रेडिट, म्हणजे ५४० तास. हा आकडा डोक्यात ठेवून वेळापत्रक मागा. त्यात पॅटर्न, कटिंग आणि शिवण मिळून ५०० च्या आसपास तास दिसत नसतील, तर कौशल्याच्या नावाखाली फॅशन शो आणि फाइल सजावट चालते असं समजा. फॅशन शो वाईट नाही, पोरींना मजा येते. पण त्याच्या तयारीत दीड महिना गेला तर ग्रेडिंग राहून जातं.

पैशांच्या बाबतीत माझं मत साफ आहे. जिथे फी लाखांत आहे अशा खासगी संस्थेत तुमच्या परिस्थितीत जाऊ नका. काही संस्था चांगल्या आहेत, पण ती फी मुंबई-बंगळुरूच्या नोकरीतून वसूल व्हावी अशा हिशेबाची असते, आणि तुम्हाला तर नंदनवनमध्येच दुकान वाढवायचं आहे.

प्रवेशाआधी एक दिवस न सांगता कॉलेजात जा. प्राचार्यांच्या खोलीत बसून माहितीपत्रक घेऊ नका, थेट प्रयोगशाळा बघायला मागा. मशीनवर धूळ आहे की धाग्यांचे तुकडे? फरशीवर कातरण पडलेलं आहे का? कपाटात गेल्या वर्षीच्या मुलींचे ब्राउन पेपरचे पॅटर्न नाव घालून टांगलेले आहेत का? तीस मुलींना सहा मशीन असतील तर तासाला तुमच्या वाट्याला बारा मिनिटं येतात, हे तिथेच मोजा. कटिंग टेबल उभ्याने काम करायच्या उंचीचं आहे की वर्गातले बाक जोडून चालवलंय? शिकवणाऱ्या बाईंनी बाहेर कधी काम केलंय का, हे त्यांना सरळ विचारा. खरं काम केलेल्या बाईंना हा प्रश्न आवडतो. प्रमाणपत्रावर विद्यापीठाचं नाव येतं का, इंटर्नशिप कुठे असते, आणि दुसरं वर्ष यंदा खरंच चालू आहे का हेही विचारा. या योजनांत अनुदान उशिरा येतं, तासिकेवरच्या शिक्षिका सोडून जातात, आणि कागदावरचं दुसरं वर्ष कधी कधी कागदावरच राहतं. ज्या ठिकाणी मी शिकवत होते तिथेही हे झालं. चूक एकट्या कॉलेजची नव्हती, पण पोरींचं वर्ष अडकलं.

हे बघून मन बसलं नाही तर आयटीआय आहे. तिथे स्युइंग टेक्नॉलॉजी आणि फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी हे एकेक वर्षाचे ट्रेड आहेत, हातातलं काम पक्कं होतं, आणि पुढे प्रशिक्षक व्हायचं असेल तर तो रस्ता सरळ जातो. मात्र दिवसभराची हजेरी लागते, त्यामुळे चालू धंदा सांभाळून जमेल का ते तुम्हीच ठरवा. सरकारी तंत्रनिकेतनाचा ड्रेस डिझायनिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा, तो तुमच्यासाठी लांब पडेल. आणि मशीन घ्यायला पैसे हवे असतील तर पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे, १५,००० रुपयांपर्यंत अवजारांची मदत आणि आधी एक लाख, मग दोन लाख असं पाच टक्क्यांचं कर्ज. घरातल्या एकालाच मिळतं. अर्ज तुमच्या नावाने करा, मिस्टरांच्या नाही.

डिप्लोम्यानंतर काय, हेही स्वच्छ सांगते. नागपुरात फॅशन हाऊस म्हणावं असं फारसं काही नाही. डिझायनर म्हणून महिन्याचा पगार मिळेल या आशेवर जाल तर सहा महिने बुटीकमध्ये हेमिंग कराल आणि चिडून घरी याल. पण धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांना स्क्रब (डॉक्टर-नर्सचे कामाचे कपडे) लागतात, शाळांना गणवेश, हॉटेलांना युनिफॉर्म, ढोल-ताशा पथकांना कुर्ते, तान्ह्या पोळ्याला लेकरांचे वेश, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पांढऱ्या साड्यांवरचे ब्लाऊज. हे सगळं काम एकाच मापात येत नाही, मापांच्या संचात येतं. ज्या बाईकडे चार-पाच मापांचा पॅटर्न तयार आहे आणि जी दर लेखी देते, तिच्याकडे ऑर्डर जाते. शेजारणीचा एक ब्लाऊज आणि दवाखान्याचे साठ स्क्रब यांच्यामध्ये ग्रेडिंगचा एक तक्ता आहे, तेवढाच. अमरावतीला पीएम मित्र टेक्सटाइल पार्कचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं. तिथे कारखाने उभे राहतील तेव्हा पॅटर्न मास्टर आणि सॅम्पलिंग करणारी, म्हणजे नमुन्याचे कपडे शिवणारी, माणसं लागतील. त्यावर आज घर चालत नाही, पण वर्गातल्या पोरींना सांगायला ठीक आहे.

एक व्यवहाराची अडचण आधीच सांगून ठेवते. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे गणवेशाचं काम मे-जूनमध्ये, आणि लगेच तुमचं कॉलेज. मग दिवाळीनंतर लग्नसराई सुरू होते आणि नेमकी त्याच सुमाराला पहिल्या सत्राची परीक्षा येते. मागे लागून दुपारी फॉल-पिको आणि काज-बटण करायला एक मुलगी ठेवा, अर्जंट ब्लाऊज त्या महिन्यात घेऊ नका. दोन-चार गिऱ्हाइकं रुसतील. परत येतात.

आणि प्रवेश होईपर्यंत थांबू नका. गांधीबागच्या कापडबाजारात जाऊन पाच मीटर मांजरपाट आणा. पन्हा विचारून घ्या, नाहीतर मोठ्या घेराचा भाग बसणार नाही. एक तुमच्या मापाचा आणि एक त्या ४४ छाती-१४ खांदा वाल्या काकूंच्या मापाचा, असे दोन साधे ब्लाऊज कटोरीशिवाय, फक्त दोन डार्टवर बेता. शिवून अंगावर चढवा, जिथे झोळ येतो तिथे टाचणी लावा, आणि ती टाचणी कागदावर उतरवायचा प्रयत्न करा. जिथे अडाल तिथे वहीत लिहा. पहिल्या दिवशी ती वही घेऊनच वर्गात जा.